पियानोची उजवी बाजू

मुलुंड (पश्चिम)
रविवार, १७ फेब्रुवारी १९८५

प्रिय दादा,

तुला आणि अनुपमावहिनीला नमस्कार, मुलांना पापे. आम्ही इथे बरे आहोत. तुम्हीही बरेच असाल असं मी धरून चालते, कारण मस्कतहून चांगल्या बातम्या उशिरा येतात आणि वाईट बातम्या त्याहून उशिरा.

बाबांचं तेरावं नीट पार पडलं. तुला रजा मिळाली नाही याचा सल ठेवू नकोस. ज्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, त्याने यायचं कसं? अग्नी ह्यांनी दिला. भटजी जरा कुरकुरले, मुलगा असताना जावई कसा म्हणून. हे म्हणाले, "मुलगा मस्कतला आहे, जावई इथे उभा आहे. तुम्ही मंत्र सांगा." एरवी घरात चहा जास्त गोड झाला तरी गप्प पिणारा माणूस, पण त्या दिवशी मला फार आधार वाटला.

काशीरामकाका रोज येऊन बसत होते. व्हायोलिन आणलं नव्हतं, नुसतेच. हॉटेलातल्या बँडच्या दिवसांपासून बाबांशेजारी बसलेला माणूस, आता कुणाशेजारी बसायचं ते त्यांना कळत नसावं.

अंधेरीच्या जागेचं सांगते. मालक बंगला पाडून बिल्डिंग बांधतोय. आपलं आउटहाउस मेअखेरीला रिकामं करून द्यायचं आहे. मी दर रविवारी जाते. घाटकोपरला उतरून बस, मग तुला आठवतोय तो चिंचेखालचा रस्ता. भांडी वाटली. बाबांचे काळे कोट काशीरामकाकांना दिले, त्यांना ते खांद्यात सैल होतात पण त्यांनी घेतले.

मालकाची सून गेल्या रविवारी दारात उभी राहून म्हणाली, "एवढा ग्रँड पियानो या खोलीत आला तरी कसा?" मी सांगितलं. आजोबा परळच्या गिरणीत, बाबा लहानपणी वाद्यांच्या दुकानात पॉलिश करायला. तिथल्या गोव्याच्या मास्तरांनी त्यांना शिकवलं. स्वातंत्र्यानंतर साहेबांचा क्लब बंद झाला, सामान मोडीत निघालं, तेव्हा बाबांनी आईच्या पाटल्या घालवून तो घेतला. दार लहान म्हणून मागची भिंत पाडली आणि पुन्हा बांधली.

पियानोचं तू विचारलं आहेस. आहे तो. दमट हवा लागू नये म्हणून आतला बल्ब चालू ठेवलाय. तू विकायला शोधलेला तो हॉटेलवाला येऊ दे, बघून जाऊ दे. बाकी मग लिहीन.

तुझी,
उत्तरा


मुलुंड
रविवार, २४ मार्च १९८५

प्रिय दादा,

पत्र मिळालं. जयाची परीक्षा चालू आहे, म्हणून घरात रेडिओ बंद आणि माझं तोंडही जवळजवळ बंद. त्यामुळे लिहायला निवांत वेळ आहे.

हॉटेलवाल्याचा माणूस गेल्या रविवारी येऊन गेला. भला माणूस होता. चपला बाहेर काढून आत आला. पियानोभोवती फिरला, झाकण उघडलं, तारांवर टॉर्च मारला. म्हणाला, "लॉबीत झकास दिसेल." मग म्हणाला, "कुणी वाजवून दाखवाल का? आवाज ऐकायला हवा."

सोबतीला आलेले काशीरामकाका माझ्याकडे बघून म्हणाले, "बस गो."

मी बसले आणि वाजवलं.

तू आता पत्र खाली ठेवशील आणि म्हणशील, ही? हिला कुठे येतं? तर ऐक. बाबांनी शिकवलं तुला. सकाळी सहाला तू त्या बाकावर, हातावर पट्टी, डोळ्यांत झोप. माझं काम फडकं मारायचं. मुलगी परक्याच्या घरी जायची, तिथे पियानो थोडाच असणार, असं ते म्हणायचे आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. तू बाविसाव्या वर्षी झाकण आपटून घराबाहेर पडलास ते मी मोरीत भांडी घासताना ऐकलं. त्यानंतर घरात तुझं नाव निघालं की ते झाकण बंद करायचे.

एक्क्याऐंशी साली बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणंही महिनाभर जड होतं. तुला कळवलं नाही, कारण पहिलं स्पष्ट वाक्य ते बोलले ते हेच: "नंदूक सांगा नको. तो दया करून येतलो, तसो नको." मी त्यांचं ऐकलं. त्यांच्या आजाराची बातमी कुणाला द्यायची ते त्यांनीच ठरवायचं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

मी त्यांच्याकडे जायचे, जेवण करून ठेवायचे. एका रविवारी पाहिलं तर ते पियानोपुढे बसून डाव्या हाताने एकटाच ठेका वाजवत होते. वर चाल नाही, नुसताच खालचा भाग. कुणीतरी अर्धंच बोलावं तसं. मला राहवलं नाही. फडकं टाकलं, उजवीकडून हात पुढे केला आणि ओठांवर होती ती चाल एका बोटाने दाबली. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी बाकावर सरकून जागा दिली. "डावो हात माझो," म्हणाले, "उजवो तुझो."

दादा, तेव्हापासून ते जाईपर्यंत आम्ही असेच वाजवत होतो. बाबा आणि मी मिळून एक माणूस. मला डावीकडचं काही येत नाही. उजवीकडचं मात्र येतं, आणि चांगलं येतं. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही.

त्या माणसाने ऐकून घेतलं. मान डोलावली. मग विचारलं, "आणि बाई, दुसरा हात?"

"तो जानेवारीत गेला," मी म्हटलं.

त्याला कळलं की नाही, माहीत नाही. पण ते म्हणता म्हणता माझं ठरलं. मी म्हटलं, "तुम्हाला फुकट हेलपाटा पडला, माफ करा. हा विकायचा नाही." काकांनी त्याला सरबत दिलं. जाताना तो पियानोला हात लावून गेला.

बाबांनी काकांसमोर सांगितलं होतं, "ह्यो पियानो उत्तराचो." मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण आधी मला स्वतःला तो हवा आहे का ते बघायचं होतं. बाबांनी दिला म्हणून घ्यायचा आणि पुढे कुढत बसायचं, हे मला जमणारं नाही. आता सांगते, हवा आहे.

आणखी एक गोष्ट राहिली. ब्याऐंशीच्या दिवाळीत तुला कॅसेट पाठवली होती. दशावतारातल्या चालीवर बाबांनी बसवलेला तो तुकडा. तू लिहिलं होतंस, बाबांचा उजवा हात अजून तसाच आहे, पहिल्यांदा त्यांचं वाजवणं ऐकून राग आला नाही, ऐकता ऐकता रडलो. ते पत्र मी त्यांना वाचून दाखवलं.

तो उजवा हात माझा होता.

तुझी,
उत्तरा


मुलुंड
रविवार, २ जून १९८५

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचलं, दोनदा. पहिल्यांदा मीही चिडले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुझं अक्षर पाहिलं. इतकं वाकडं तू कधी लिहीत नाहीस.

आधी बातमी. पियानो मुलुंडला आला. आउटहाउसची मागची भिंत पुन्हा पाडली. मालकाने काही म्हटलं नाही, त्याला ती पाडायचीच होती. पाय सोडवले, गोधड्यांत गुंडाळला, आडवा करून टेम्पोत घातला. इथे आपण पहिल्या मजल्यावर आणि जिना हा एवढासा. सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव कठड्याला धरून म्हणत होते, "वहिनी, स्लॅब खाली आला तर माझी वाट लागेल." ह्यांनी त्यांना इंजिनिअरची चिठ्ठी दाखवली. मग गॅलरीची ग्रिल कापली आणि चेनकप्पी लावून पियानो वर घेतला. सगळी सोसायटी खाली उभी. आत आल्यावर लक्षात आलं की सोफा राहत नाही. हे म्हणाले, "सोफ्यावर बसून आपण करत होतो काय? पेपरच वाचत होतो ना? तो उभ्यानेही वाचता येतो." सोफा गेला.

आता तुझ्या पत्राकडे येते.

तू लिहितोस, तुम्ही दोघांनी मला फसवलं. लिहितोस, त्या कॅसेटवर मी बाबांना माफ केलं आणि ते बाबा नव्हतेच. लिहितोस, त्या लाकडाच्या धुडाने माझं बालपण खाल्लं आणि तू ते घरात घेऊन त्याची पूजा करतेस.

तुझं बालपण त्याने खाल्लं, हे खरं आहे. मी बघत होते. तुझ्या बोटांना मीच खोबरेल लावायचे. त्यातलं एक अक्षर मी खोडणार नाही. पण दादा, तुला जे मारून दिलं ते मला मागूनही मिळालं नसतं. एकाच घरात दोघांचं असं झालं. तुझं दुःख मोठं म्हणून माझी हौस खोटी ठरत नाही.

आणि कॅसेटचं म्हणशील तर ती पुन्हा लाव. उजवा हात सोड, तो माझा. डावा ऐक. मधे, चाल वर चढते तिथे, मी चुकले आहे. बोट घसरलं आणि मी अडकले. बाबा काय करतात ते ऐक. ते पुढे जात नाहीत. ठेका तिथल्या तिथे फिरवत राहतात, मला जागा सापडेपर्यंत. ओरडत नाहीत, पट्टी नाही, काही नाही. सापडल्यावर सोबत निघतात.

तू नेहमी म्हणायचास, बाबा कुणासाठी थांबत नाहीत. तुझ्यासाठी थांबले नाहीत. थांबायला शिकले ते हात गेल्यावर, आणि त्याचा फायदा मला मिळाला. हा अन्याय आहे, मी नाही म्हणत नाही. पण तू माफ केलंस तेव्हा ते तिथेच होते, दादा. डावीकडे.

उत्तर लिहायची घाई करू नकोस. लिहिलंच नाहीस तरी मी दिवाळीला पत्र टाकणार आहे.

तुझी,
उत्तरा


मुलुंड
रविवार, २० ऑक्टोबर १९८५

प्रिय दादा,

तुझं चार ओळींचं पत्र आलं. "कॅसेट ऐकली. थांबतात. पियानो ठेव. हातावर सुरकुत्या आल्यात, सकाळी सहाला अजून जाग येते." मी ते ह्यांना वाचून दाखवायला गेले आणि शेवटच्या वाक्याआधी कागद त्यांच्याच हातात दिला, ते त्यांनी स्वतःच वाचलं.

माझी बातमी अशी की मी शिकवणीला जाते. इथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे. वर्गात मी आणि फ्रॉकातल्या मुली. पहिल्या दिवशी बाईंनी माझा उजवा हात ऐकला आणि विचारलं, "कुणाकडे शिकलात?" मग डावा ऐकला आणि काहीच विचारलं नाही. डावा हात माझा अगदी ढ आहे. फ्रॉकातल्या मुली हसतात, मीही हसते. पण घरी येऊन बसते. जया म्हणते, "आई, शेजारी कंटाळलेत." मी सांगते, कंटाळू देत, त्यांची मिक्सरची घरघर मी ऐकतेच ना.

गेल्या रविवारी काशीरामकाका जेवायला आले होते. बाबांचा कोट घालून, या उकाड्यात. जेवण झाल्यावर मी बाबांचा तुकडा वाजवला, पहिल्यांदा दोन्ही हातांनी. इतके महिने मी सवयीने बाकाच्या उजव्या टोकाला बसत होते, डाव्या हाताचा सराव करतानासुद्धा. खालचे सूर लांब पडायचे, खांदा भरून यायचा. त्या दिवशी बसताना थांबले, उठले आणि मधोमध बसले. दोन्हीकडे हात पोचले.

नीट झालं नाही. चढावर दोन्ही हात अडखळले आणि या वेळी थांबायला कुणी नव्हतं, म्हणून मीच थांबले, जागा शोधली आणि पुढे गेले. संपवलं. काकांनी डोळे पुसले नाहीत वगैरे. "ठेको जरा धावतां," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "पुन्ना वाजय."

तुला डिसेंबरात रजा मिळणार असं वहिनी लिहिते. या. गॅलरीतल्या खोलीत सगळ्यांची सोय होईल, बाहेर सोफा नाही तेवढं चालवून घ्या.

आणि भिऊ नकोस. तुला कुणी बाकावर बसवणार नाही, कुणी सूर विचारणार नाही, सकाळी सहाला उठवणारही नाही. या घरात पियानो मी वाजवते. तू खुर्ची ओढून घे, पाय पसर, चहा सावकाश पी. आयुष्यात एकदा त्या पियानोपुढे नुसता बस.

ऐकायला ये.

तुझी बहीण,
उत्तरा