ट्रॉलीची पिन प्रदीपकडे

प्रिय उमेश,

फोन करायचा सोडून आक्काला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर माझं भांडण होतं. तोंड उघडलं की तेजलच्या भावाचं नाव निघणार, तू "बरं बरं" म्हणून फोन ठेवणार, आणि सांगायचं ते राहूनच जाणार. म्हणून लिहून तुझ्या दाजींच्या हाती मळवलीला पाठवतेय, रविवारच्या आत तुला मिळावं म्हणून. उमेश शेवटची ओळ वाचेपर्यंत चहा झाला तरी उठायचं नाही, असं त्यांना बजावलंय. कामाचं मी शेवटी लिहिणार आहे. ते आधी लिहिलं तर बाकीचं तू वाचणार नाहीस, आणि बाकीचंही मला सांगायचंच आहे.

तू जुना ट्रॅक्टर घेतलास, ट्रॉलीचा विसार दिलास, हे मला कुठं कळलं माहितेय? कामशेतला स्पेअरपार्टच्या दुकानात. मी आमच्या ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर घ्यायला गेले होते, तर काउंटरवर तुझा मेव्हणा प्रदीप ग्रीस गन बघत उभा. दुसऱ्या हातात लोखंडी पिन, तीही नुसती धरलेली नाही, तळहातावर खेळवत होता. "ताई, दाजींनी ट्रॉलीची पिन माझ्याकडं सांभाळायला दिलीय," म्हणाला. त्याचे दाजी म्हणजे तू. हे त्यानं मला टोचायला म्हटलं असतं तर मी तिथंच उत्तर दिलं असतं. पण तो साधेपणानं बोलला, ट्रॅक्टर कसा पाहिला, टाकव्याला ट्रॉली कुणाची, रविवारी काय ठरलंय, सगळं सांगून टाकलं, त्याला आपल्या घरातलं काही ठाऊकच नव्हतं, आणि त्यामुळं माझा राग आणखी वाढला. मी पिन हातात घेऊन पाहिली, छान आहे म्हटलं आणि फिल्टर न घेताच घरी आले.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. आबांना एखादी जुनी ट्रॉली पसंत पडली की ते विसार द्यायचे आणि तिथल्या तिथं तिची पिन काढून घ्यायचे. ट्रॅक्टरच्या हुकात ट्रॉलीची कडी अडकवली की वरून टाकतात ती. पिन आपल्या घरी आली म्हणजे ट्रॉली आपली, मधल्या दिवसांत मालकानं ती कुणाला दाखवायची नाही की भाताची पोती वाहायला काढायची नाही. दुसरी पिन कुठंही मिळते, पण तसं कुणी करायचं नाही. आणि घरी आणलेली पिन सांभाळायचं काम माझं होतं. मी ती तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि भाताला ग्रीसचा वास येतो म्हणून आईच्या शिव्या खायची. तू ती पिन मागून मागून रडायचास. आबा म्हणायचे, "रंजीकडंच ऱ्हाऊ दे. तिला जोड कळतोय. यंत्र मोडतंय ते जोडावरच मोडतंय."

माझं लग्न झाल्यावरही ते चालूच राहिलं. तुला पॉवर टिलर घ्यायचा होता तेव्हा तू मला न्यायला मोटारसायकल घेऊन आला होतास. आमच्या सासूबाई कपाळावर आठ्या घालून बघत राहिल्या, बाईमाणूस कुठं मशीन बघायला जातं म्हणून. मी तुझ्या मागं बसून गेले. त्या मशीनचं इंजिन आपण पोहोचायच्या आधीच गरम होतं, आणि मी तुझा शर्ट मागून ओढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जाऊन थंड इंजिन सुरू केलं तेव्हा निळा धूर सगळ्या अंगणात पसरला. येताना तू मला कार्ला फाट्यावर भजी खायला घातलीस आणि म्हणालास, आक्का, तुझ्याशिवाय मी साधी सायकलसुद्धा घेणार नाही. मी ते खरं मानलं, ही माझी चूक.

तेजलबद्दल माझी तक्रार नाही. आईचं सगळं ती मनापासून करते. पण तिच्या भावाचं कौतुक मला सोसत नाही, हे सरळ लिहिते. प्रदीपनं जेसीबीवर काम केलंय, प्रदीपला मशीनचं लय कळतं, असं गणपतीत तू निदान चारदा म्हणालास. मी पंगतीत वाढत होते. अकरा वर्षं मी स्वतः ट्रॅक्टर चालवते, चिखलणीला केज व्हीलची लोखंडी चाकं लावून खाचरात उतरते आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी ती न विसरता काढते. पण पिकतं तिथं विकत नाही. बहिणीची हुशारी घरातलीच, तिचं काय कौतुक, आणि मेव्हणा तेवढा इंजिनिअर! माझ्या पोटात दुखतंय, उमेश. दाजी त्याला हसतात. तू हसू नकोस.

आता ट्रॅक्टरचं. प्रदीपनं ते बरोबर पाहिलंय, एवढं कबूल करायला मला जड जातंय. इंजिन थंड असताना सुरू करून घेतलं, ऑइलची पट्टी काढून दुधाळ झालंय का ते बघितलं, किती तास चाललाय त्या मीटरवर न विसंबता क्लचच्या पेडलची झीज पाहिली. मीही तेच केलं असतं. पुढचं मात्र त्याला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून सांगते. चिखलातून आल्यावर ग्रीस मारताना जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर चिखलच आत बसतो. एअर फिल्टर सुगीत रोज उघडायचा, भाताचा भुसा पार आत जातो. ट्रॉलीचं आरसी वेगळं असतं, तिचा चासी नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघ. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून बघ, खडखडलं तर बेअरिंग गेलंय. मागं रिफ्लेक्टर लावल्याशिवाय हायवेला यायचं नाही. आणि भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर गिअर काढून सोडायची नाही, डिझेल कितीही वाचत असलं तरी. हे सगळं तुझ्या शेजारी उभं राहून सांगायचं होतं.

आता शेवटचं. कामशेतला ती पिन हातात धरली तेव्हाच मला खटकलं होतं. पिन कोरी करकरीत होती आणि ट्रॉली जुनी. माणूस विकायच्या आधी रंग देतो, फार तर टायर बदलतो, पिन कोण बदलतो? जुनी पिन झिजून गेली असेल तर कडीही झिजली असणार. तुझ्या काळजीनं मी बघायला गेले असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण खरं सांगते, मी प्रदीपची खोट काढायलाच गेले. स्कूटी घेतली, टाकव्याला त्या मालकाकडं गेले, मलाही अशीच ट्रॉली करून घ्यायचीय, जरा बघू द्या म्हटलं. तो बिचारा पाणी आणायला आत गेला. मी ट्रॉलीखाली वाकले. कडीचं भोक लांबट झालंय. आणि कडीची दांडी जिथं ट्रॉलीच्या पुढच्या पट्टीला वेल्ड केलीय तिथंच रंग बाकीपेक्षा ताजा. बांगडीतली सेफ्टी पिन काढून खरवडलं, तर खाली पुट्टी निघाली. पुट्टीच्या आत चीर आहे, उमेश. माझी सेफ्टी पिन टोकापासून वाकणापर्यंत आत गेली.

परत येताना मला आनंद झाला होता. स्कूटीवर मी चक्क गुणगुणत होते. रविवारी ट्रॉली येईल, हार घातले जातील, आणि महिन्याभरात कधीतरी भर रस्त्यात दांडी सुटेल, प्रदीपचं तोंड बघण्यासारखं होईल, असं सगळं मी रंगवत होते. मग रविवारी काय ठरलंय ते आठवलं. ट्रॉली आली की सगळ्यांना तिच्यात बसवून तू कार्ल्याला देवीला नेणार आहेस, गाड्या थांबतात त्या वरच्या पायथ्यापर्यंत, त्या चढानं. आई नेहमीप्रमाणं पुढच्या फळीला पाठ लावून बसणार. चढावर सगळा ताण त्या दांडीवरच येतो. कामशेतच्या पुलाखाली मी गाडी बाजूला लावली.

तेव्हा रविवारी कुणालाही त्या ट्रॉलीत बसवायचं नाही. मालकाला दांडी पुढच्या पट्टीसकट नवीन बसवायला लाव, वरून वेल्डिंगचा टाका मारून चालणार नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल, भांडू नकोस. प्रदीपलाही बोलू नकोस, जेसीबीला मागं ट्रॉली नसते, त्यानं ती कुठून शिकायची? पण ही चीर कुणी शोधली ते त्याला सांग, तेजललाही सांग, आणि माझं नाव घेऊन सांग. नाव लपवण्याएवढं मोठं मन माझं नाही. आणि त्याच्याकडून ती पिन मागून घे. दाजी चहा पिऊन तिथंच बसलेत, त्यांच्या हाती आत्ता पाठव. तांदळाचा डबा मी घासून ठेवलाय.

तुझीच, अजून रुसलेली,
आक्का