यंदा मेला तो भलताच

बारांकिया, राखेचा बुधवार

ती. एल्विनाताईस धाकट्या नोरालबाचा सप्रेम नमस्कार.

तुझी आणि भावजींची तब्येत बरी असेल असं धरून चालते (भावजींचा गुडघा बरा नसणारच, त्याची चौकशी मी सोडली). तुमच्या पास्तोत जानेवारीतच एक दिवस तोंडं काळी, दुसऱ्या दिवशी पांढरी केली की कार्निव्हल आटोपला. तुझ्या सासूबाई म्हणतात खरा कार्निव्हल तोच, गुलामांना मिळालेल्या एका दिवसाच्या सुट्टीतून निघालेला. असेल. आपले आजोबा म्हणायचे, गोरे लोक बोटीतून हे राखेच्या बुधवारपासूनचे उपास घेऊन आले आणि उपासाआधी चार दिवस खाऊनपिऊन घ्यायची सोयही त्यांचीच. ढोल मात्र आपल्या काळ्या पूर्वजांचे, आणि बासरी नदीकाठच्या मूळच्या लोकांची. कुणाचं का असेना, आमच्याकडे माणूस मेल्याशिवाय कार्निव्हल संपत नाही. चार दिवस नाचून-पिऊन मंगळवारी होसेलितो, म्हणजे माणसाचं सोंग घेतलेला कार्निव्हलच, मरतो आणि आम्ही काळे कपडे घालून भर उन्हात त्याच्या नावाने गळा काढतो.

आमच्या गल्लीचा होसेलितो गेली पंधरा वर्षं आमचा एवेलियो, आणि मुख्य विधवा मी. पण ताई, या माझ्या नवऱ्याला नीट मरता येत नाही. एकदा शिंकला, एकदा बियर मागितली. गेल्या वर्षी मी 'कुठे गेलास रे सोडून' म्हणून हंबरडा फोडला, तर उठून म्हणाला, 'इथेच तर आहे.' म्हणून गल्लीने ठरवलं की यंदा प्रेत हललं तर प्रेत आणि विधवा दोन्ही बदलायची. माझ्या जागेवर ती यिसेला टपलेलीच आहे (रडता येत नाही, पण काळा रंग खुलतो).

काल कोपऱ्यावर आमची आणि मागच्या गल्लीची अंत्ययात्रा समोरासमोर आली. लोकांनी एकमेकांवर मक्याचं पीठ इतकं उधळलं की स्वतःचा हात दिसेना. दोन्ही तिरड्या खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या आणि आम्ही पुढे निघालो. चौकात मी रडगाण्याला सुरुवात केली. गळकं छप्पर काढलं, न विचारता विकलेलं माझं शिवणयंत्र काढलं, त्याच्या आईलाही सोडलं नाही. प्रेत ढिम्म. नाकावर माशी बसली तरी ढिम्म. मला इतकं कौतुक वाटलं की खरंच डोळ्यांत पाणी आलं. मेल्या, म्हटलं, पंधरा वर्षांनी का होईना, शिकलास. वाकून गालाचा मुका घेतला, तर ओठांना पिठाखालची मिशी लागली. एवेलियोला मिशी कुठे आहे? हा मागच्या गल्लीतला पाववाला अबिमाएल.

'बाई, थांबू नका,' तो ओठ न हलवता पुटपुटला. 'आमच्या बायका इतकं मनापासून कुठे रडतात.'

काय माणूस आहे. मी आणखी अर्धा तास रडले. गल्लीने टाळ्या वाजवल्या आणि माझी जागा राहिली. संध्याकाळी एवेलियो परत आला. तोही तिकडे शेवटपर्यंत हलला नाही म्हणे, लोक त्याची वाहवा करतायत. म्हणजे सगळं छान झालं.

तुझी,
नोरालबा

ता. क. तो का हलला नाही ते आज कळलं. तिकडची विधवा लिबिया रडताना प्रेताच्या केसांतून हात फिरवते. मेला सकाळपासून शीळ घालतोय, आणि पुढच्या वर्षी मागच्याच गल्लीत मरणार म्हणतोय.

पुन्हा ता. क. आईची काळी जाळीची ओढणी तुझ्याकडे आहे, ती आधी पाठव. आणि केसांतून हात कसा फिरवतात ते लिही, मला पंधरा वर्षांत सुचलं नाही. अबिमाएल छानच मरतो, पण मला तो नको. आमचा शिंकला तर शिंको, गल्लीने मला काढलं तर काढो. मेला मरेल तर माझ्यासमोरच.