खटक्याची पेटी

पांढुर्णा,
३ एप्रिल २०२५

चि. देवीदास यास,
सप्रेम जय भीम, अ. उ. आ.

फोनवर मी बोलायला लागले की नेमकं तेव्हाच सौंसरचं नेटवर्क जातं, म्हणून हे पत्र. ते तुला मध्येच बंद करता येणार नाही.

रश्मीसाठी तू अंगणात खेळण्यांची पेटी केलीस, तिचा फोटो तुझ्या भाचीनं, सुप्रियानं, मला मोठा करून दाखवला. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण दुसऱ्यानं दिसायचं ते दिसलं. शाबास. आपल्या चार वर्षांच्या नातीसाठी तू गोदाम बांधलंस. झाकण सागवानी दाराचं, म्हणजे पडलं की बोटं गेली. हवेला एक भोक नाही. वर जुन्या दाराचा खटका, तो झाकण पडताच लागतो आणि फक्त बाहेरून उघडतो. हे तू सुप्रियाला मोठा गुण म्हणून सांगितलंस!

तीस वर्षं मी अंगणवाडी चालवली. पेटी दिसली की पोर खेळणी बाहेर फेकतं आणि आत स्वतः बसतं, हे तिथल्या भिंतींनाही माहीत आहे. तू जन्मभर संत्र्याच्या पेट्या ठोकल्यास. हवा नाही लागली तर माल सडतो म्हणून दोन फळ्यांत बोटभर फट ठेवायचास. संत्र्याची एवढी काळजी, आणि पोरीच्या पेटीत मुंगीलाही श्वास घेता येऊ नये? अक्कल बाजारातच ठेवून आलास का?

२५ तारखेपासून सुप्रियाचं छिंदवाड्याला महिनाभर ट्रेनिंग आहे आणि माझं डोळ्याचं ऑपरेशन, म्हणून रश्मी तुझ्याकडे राहणार होती. पेटी सुधारल्याशिवाय ती येणार नाही. माझं ऑपरेशन राहिलं तरी चालेल.

शांताला जय भीम सांग. लोभ आहे, पण तूर्त राखून ठेवला आहे.

तुझी,
वत्सलाताई


सौंसर,
७ एप्रिल

ती. ताईस,
सविनय जय भीम, वि. वि.

पत्र पोचलं. शांतानं ते मोठ्यानं वाचलं, दोनदा. नवऱ्याला कोणी शिव्या दिल्या की तिला वाचनाची गोडी लागते.

खेळणी बाहेर ठेवायची तर ऊन, पाऊस, विंचू, माकडं, सगळ्यांचा विचार करावा लागतो. मागच्या वेळी माकडानं रश्मीची बाहुली कडुलिंबावर नेली, ती अजून तिथंच लटकून राहिली आहे. खटका त्यासाठी. तुझ्या अंगणवाडीत चोरण्यासारखं होतं काय? फुटक्या पाट्या आणि एक तक्ता. फोटो पाहून सुतारकी शिकवायला काय लागतं! आणि रश्मी पेटीत जाऊन बसण्याइतकी बावळट नाही. तुझ्यावर गेली असेल तर मात्र सांगता येत नाही.

आतून जोर लावला की खटका सुटतो. मी स्वतः आत बसून दाखवतो, मग तरी गप्प होशील.

रागासकट लोभ असू द्यावा.

तुझा,
देवीदास


सौंसर,
१५ एप्रिल

ती. ताईस,
सविनय जय भीम, वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहून राहिलो.

काल जयंतीला शांता विहारात गेली होती, मोहल्ला सगळा मिरवणुकीत. म्हटलं, आता करून पाहू. गुडघे छातीशी घेऊन पेटीत बसलो आणि झाकण ओढलं. खटका लागला. जोर लावला, सुटला नाही. माझंच पक्कं काम. हाका मारल्या, पण भोंग्यावर गाणी चालू होती. आत अंधार, घाम, आणि मीच फासलेल्या डांबराचा वास. थोड्या वेळानं हाक मारायलाही दम पुरेना. शेवटी पाठीनं धक्के देऊन देऊन बिजागऱ्या उखडल्या.

मी ओझी उचललेला माणूस. रश्मीची पाठ केवढी, ताई? कालपासून मला भीती वाटून राहिली आहे, ती जात नाही.

खटका विहिरीत टाकला. झाकण हलक्या फळ्यांचं केलं, मिटलं तरी कडेला बोट राहील एवढी फट ठेवून. हात सोडला तरी ते जिथल्या तिथं थांबतं, तशी पट्टी लावली. चारही बाजूंना भोकं पाडली. माकडांना न्यायचं ते नेऊ दे. तू म्हणालीस ते खरं होतं. रश्मीला पाठवायचं की नाही, तूच ठरव.

मूर्ख असलो तरी तुझाच, एवढा लोभ असावा.

देवीदास


पांढुर्णा,
१८ एप्रिल

चि. देवीदास यास,
सप्रेम जय भीम, अ. उ. आ.

पत्र मिळालं. पेटी चालते की नाही हे तपासायला तिच्यात स्वतःला कोंडून घेणारा गाढव आपल्याच घरात जन्मावा, याची मला लाज वाटते. रश्मीला २५ तारखेला मीच घेऊन येते.

शांताचा फोन आला होता. ती फाटकात शिरली तेव्हा पेटीतून आवाज येत होता, आणि ती धावत पोचेपर्यंत तू झाकण उखडलंस, म्हणाली. पण तू तिला बोलवत नव्हतास. ताई, ताई म्हणून रडत होतास. तिला जरा वाईट वाटलं आहे, तिची समजूत काढ.

अरे मूर्खा, मी पांढुर्ण्यात होते. तेव्हा मी इथल्या मिरवणुकीला सरबत वाटत होते. मला काही ऐकू आलं नाही. पेटीत रश्मी असती, तर तिनंही मलाच हाक मारली असती, आणि मी सरबत वाटत राहिले असते.

तुझी,
ताई