जोडायचं मी बघते

नौपाडा, ठाणे
फेब्रुवारी १९९६

प्रिय आनंद,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तुमच्या प्रयोगशाळेत त्या आंधळ्या माणसाच्या डोळ्यात बारीक तार बसवून वीज सोडली आणि त्याला नुसते उजेडाचे ठिपके दिसले, हे ऐकताना मटार सोलणारे तिचे हात थांबले. इतकी वर्षं घालवून ठिपकेच, आता हे सोडून कंपनीत नोकरी धरतो, असं तू लिहिलंयस. त्यावर ती म्हणाली, अगं, रांगोळी तरी कशाची असते? त्याला म्हणावं, तू ठिपके दे, जोडायचं मी बघते.

दृष्टी गेल्यावर बंद केलेली रांगोळी तिनं लगेच सुरू केली, सराव म्हणून. ठिपके बोटांच्या मापानं सरळ पडतात, रेषा मात्र स्वतःच्या मर्जीनं जातात. परवाचं कमळ शेजारच्या तुळसामावशींच्या उंबऱ्याशी पोचलं. मावशी म्हणाल्या, कासव छान जमलंय हो. आई म्हणाली, चष्मा बदला तुमचा. डोळा विजेवर चालणार तर दिवे गेल्यावर काय, एवढीच तिला शंका आहे. तेवढं कळव.

मागच्या आठवड्यात तिन्हीसांजेला मी लाल लुगड्यातल्या मावशी समजून कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे नातवाची चौकशी केली. घरी येऊन सांगितलं तर मावशी पोट धरून हसल्या. आई हसली नाही. रात्री म्हणाली, मंजू, स्टूल रोजच्या जागीच असतं आणि तू रोज अडखळतेस. मला ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी तीच मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. कंपाउंडरनं अर्थातच तिला तपासायच्या खुर्चीत बसवलं. ती म्हणाली, अहो, माझं सगळं बघून झालंय, हिचं बघा.

आईचंच दुखणं आहे, आनंद. नजर हळूहळू जाईल, अजून बरीच वर्षं आहेत, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून हे लिहितेय. लहानपणी मला कधी न जमलेली रांगोळी आईनं आता शिकवायला घेतलीय, अगदी ठिपक्यांपासून. कंपनीला थोडं थांबायला सांगता आलं तर बघ. आणि ठिपके जरा जास्त लागतील, जोडायला आता आम्ही दोघी आहोत.

तुझीच,
मंजूताई