कॅल्शियमची दुसरी बाटली

चिरंजीव जावईबापू,

घाईत तुम्ही माझं कॅल्शियम घेऊन निघालात. माझ्या कॅल्शियमच्याच जुन्या बाटलीत लपवलेल्या तुमच्या एचआयव्हीच्या गोळ्या इथेच राहिल्या, म्हणून लिहिते.

लपवता कशाला? लेकीने लग्नाआधीच सांगितलं होतं. मी विचारलं, "गोळ्या नेमाने घेतो ना?"

"आई, तुझ्यापेक्षा नेमाने!"

तिची तपासणीही वेळच्या वेळी होते, निगेटिव्ह येते. मग मी कशाला झुरू? फक्त गोळी चुकवायची नाही.

तुमची सासू

ता. क. पत्र टाकत नाही. तुम्हीच धापा टाकत परत आलात.

"आई, तुमचं कॅल्शियम..."

"आणि तुमचं औषध. घ्या आधी."

तुमच्या हवाली केलं: गोळ्यांची बाटली, पेलाभर पाणी, आणि औषधांच्या कपाटातला मधला कप्पा.