रिकामं कॅरिअर

लोणावळे, बुधवार, २ नोव्हेंबर १९३८

पोचले बाई एकदाची! रंगूनहून बोटीने कलकत्ता, तिथून गाडीने कल्याण, मग घाट. अंग आंबून गेलंय, पण मन कसं टवटवीत आहे. ब्रह्मदेश वेगळा झाल्यापासून आम्ही रंगूनचे मराठी लोक इथे परदेशी पाहुणे ठरलो. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे चक्क तसं छापलंय. हसावं की रडावं!

या लोकाचार परिषदेची कल्पना मात्र झकास आहे. उद्घाटन लोणावळ्यात, समारोप रविवारी तळेगाव दाभाड्याला, आणि मधले दिवस सगळ्या विद्वानांनी सायकलवरून मावळ पाहायचा. सामान मोटारीतून येणार. आमचे म्होरके नूरमहंमद मास्तर तळेगावच्या शाळेत फारसी शिकवतात आणि घरी आरामखुर्चीत बसावं तसे सायकलवर बसतात. बायका दोघीच. मी, आणि पुण्याच्या शाळेतल्या रतनबाई. त्याही हट्टीच दिसतात, जमेल आमचं.

चहाच्या वेळी अध्यक्षमहाराजांनी जाहीर केलं की स्त्रियांसाठी मोटारीत जागा राखून ठेवली आहे. मी म्हटलं, नको. तेव्हा हसून म्हणाले, ठीक, बाई सायकलने तळेगावात पोचल्या तर निबंध त्यांनी स्वतः वाचावा, मोटारीत बसल्या तर आमचे चिटणीस वाचून दाखवतील. सगळे खो खो हसले. मी नाही हसले. 'शिवेवरचे आचार' हा निबंध मी रंगूनच्या उकाड्यात रक्त आटवून लिहिलाय. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मी समुद्र ओलांडून आलेली नाही.

कामशेत, गुरुवार

काष्टा घट्ट मारला आणि निघालो. भात कापणीला आलंय, वाऱ्याला त्याचा गोड वास आहे.

औंढ्यात विठाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या मावशींच्या अंगणात ताक प्यायलो. निघताना त्यांची नजर आमच्या रिकाम्या कॅरिअरांवर गेली. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक धोंडा ठेवला. म्हणाल्या, रिकामी बैठक घिऊन शीव वलांडू नका, बाय. गाडीवान बी रिकाम्या गाडीत धोंडा ठेवत्यात. न्हाईतर ती येऊन बसती.

ती कोण, हे विचारलंच मी. माझा धंदाच तो! कधीकाळची एक पोटुशी बाई, दिवस भरलेले, माहेरी निघालेली. समद्या गाड्या रिकाम्या गेल्या, पर कुनी तिला बसवून घेतलं न्हाई. शिवेवरच गेली बिचारी. आता ती बसलीच, तर रस्त्यात खाली पाय टेकू नये. टेकला की मागची फुडं सरकती, आन् टेकनारी तिच्या जागी शिवेवर ऱ्हाती.

असा अस्सल आचार आयता हाती आला, मी तर जाम खूश. बाकीच्यांनी मुकाट्याने धोंडे बांधले, मास्तरांनीसुद्धा! मी मात्र शिवेच्या दगडापाशी माझा धोंडा सगळ्यांदेखत ओढ्यात भिरकावला. पडताळून आम्ही नाही पाहायचं तर कुणी?

दुपारी सायकल जरा जड लागली. चाकात हवा कमी असेल.

वडगाव, शुक्रवार

हवा चांगली भरपूर आहे. मास्तरांनी सायकल उलटी करून चाक फिरवलं, तर भिंगरीसारखं फिरतं. मी बसले की मात्र मागून करकर सुरू होते. रतनबाई माझ्या मागून येतात. त्या म्हणाल्या की तुमचं मागचं चाक असं दबलेलं दिसतं, जणू कुणाला डबलसीट घेतलंय. मी म्हटलं, निबंधाचं ओझं असेल.

हसायला गेले आणि कमरेला हात लागला. गार, ओला. पडू नये म्हणून धरावं, तसा धरलेला.

वाटेत पाय टेकला नाही. उतरले ती थेट मुक्कामाच्या अंगणात. हे पडताळणीसाठी हं, भीतीने नव्हे.

छे, खोटं कशाला लिहू? भीती वाटते. फार वाटते. रतनबाई काकुळतीला येऊन म्हणतात, मोटारीत बसा. मी त्यांच्यावर खेकसले. माझ्या मेलीचं काय वाट्टेल ते होवो, त्या मोटारीत बसणार नाही.

परंदवडी, शनिवार

फार जड. मांड्यांना गोळे आलेत. आता दोन हात आहेत. पाठीला तिचं पोट टेकतं, आत काहीतरी हलतं — हे निबंधात लिहिणार नाही.

मानेशी पुटपुटते — लय चालले, बाय, लय चालले —

शेवटी मी मोठ्याने म्हटलं, बस! तुला कुणी घेतलं नाही ना? मी घेते. चल तळेगावपर्यंत. पण हँडल माझ्या हातात राहील, समजलीस?

हात आणखी घट्ट झाले.

उद्या एवढंच. परत फिरून तळेगाव, की झालं.

रविवार, रस्त्यात

रोजनिशी पोलक्याच्या खिशात होती म्हणून लिहितेय —

तळेगाव दिसत होतं. अध्यक्षांनी मोटार आडवी घातली. दार उघडून म्हणाले, चेहरा पांढराफटक पडलाय, पुरे झाला हट्ट, बसा. माझं डोकंच फिरलं. तरातरा उतरले. दोन्ही पाय रस्त्यात रोवले आणि ठणकावलं, मेले तरी बसणार नाही —

पाय टेकल्यावर आठवलं.

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या पलीकडे बघून म्हणाले, शाबास बाई, चला तर मग सायकलनेच.

वळले. माझी सायकल चालली होती. सीटवर माझं निळं लुगडं, माझा अंबाडा — पोट पुढे आलेलं. खांद्याला माझी पिशवी. निबंध तिच्यात —

हाका मारल्या. मास्तर न बघता पुढे गेले. रतनबाई माझ्या अगदी अंगावरून गेल्या, नुसत्या शहारल्या —

जा! घेऊन जा कागद! शब्द अन् शब्द पाठ आहे मला. चालत येईन. मंडपाच्या दारात उभी राहून ओरडून म्हणेन. निबंध माझा आहे, मीच —

चालतेय. तळेगाव येत नाही. समोर शिवेचा दगड. औंढ्याचा. बाजूला तोच ओढा —

पाय सुजलेत. पोट जड झालंय. आत काहीतरी — नाही, हे लिहिणार नाही —

बैलगाडी! रिकामी! हात केला. थांबली. गाडीवान खाली उतरला. माझ्याकडे बघत नाही. वाकून धोंडा उचलतोय — अहो भाऊ, नका ठेवू, लय चालले हो, मला फक्त तळेगावप