उभ्या उभ्या अकरा हजार

८ जुलै, मंगळवार
तीन महिन्यांची शुगर ८.६. डॉ. सुनेत्राबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, मनमोहनराव, ऑक्टोबरात आठच्या वर दिसली तर इन्सुलिन. मला सुई! रक्त काढतानासुद्धा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतो. बायको, सुनंदा, घरी येईपर्यंत माझ्या पायांकडेच बघत होती. माझ्या देवदत्तदादाच्या पायाचा अंगठा शुगरनेच गेला, तो तिच्या डोळ्यांपुढे असणार. बायका उगाच घाबरतात. उद्यापासून पहाटे साडेपाचला चौपाटी.

११ जुलै
मुलाने, उन्मेषने, बंगळूरहून स्टेप्स मोजणारं घड्याळ पाठवलं. रोज दहा हजार हव्यात. आकडे त्याच्या आणि सुनंदाच्या मोबाइलवरही दिसतात म्हणे. दिसू देत. बाप काय चीज आहे ते कळेल.

१२ जुलै, सकाळी ८.४०
उठायला उशीर. मनगटाला नव्या वस्तूची सवय हळूहळू लावलेली बरी.

१४ जुलै
निघालो! ठाकूरद्वारच्या नाक्यावरच बूट चावला. परतताना मिसळ खाल्ली. पाव अर्धाच; मैदा वाईट. स्टेप्स १,९१२.

२ ऑगस्ट
सरासरी १,४००. घड्याळात फॉल्ट असावा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदन, मग बिल्डिंगचा सत्यनारायण. आरतीला झांजा तीस वर्षं माझ्याकडेच असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या यतीनला ताल नाही. आरत्या संपल्यावर सहज घड्याळ पाहिलं. २,३०० वाढल्या होत्या! मी जागचा हललो नव्हतो. नीट विचार केला. हात हलले की रक्त फिरतं, रक्त फिरलं की व्यायाम. पायांनीच चालायला हवं असं कुठे लिहिलंय? शिरा दोनदा घेतला. प्रसादाला नाही म्हणू नये.

२७ ऑगस्ट
गणपती बाप्पा मोरया! सकाळ-संध्याकाळ मिळून सात घरांच्या आरत्या. ११,०४६!! मोदक चार. पेढ्यांचा हिशेब ठेवला नाही, घड्याळही ठेवत नाही. उन्मेषने फोन करून बाबा तुम्ही ग्रेट आहात म्हटलं. सुनंदा खालच्या शैलाबाईंना मोबाइल उघडून दाखवत होती. किती दिवसांनी तिला अशी हसताना पाहिली. खरंच भरून आलं.

३० ऑगस्ट
शेजारच्या वाडीतूनही बोलावणं. यतीन म्हणतो, काका, हल्ली आरत्या फार पळवता, आणि संपवतही नाही. कालच्या घरी मी चार आरत्या जास्त घेतल्या. त्यांची पाहुणेमंडळी भुकेने कावली होती. भक्ती कमी झालीय लोकांत.

६ सप्टेंबर
विसर्जन. अकरा दिवसांची सरासरी १०,८००. एवढा चालणारा माणूस संध्याकाळची गोळी कशाला घेईल? बंद केली. सुनंदाने दोन वर्षांनी माझ्या चहात साखर घातली. एकच चमचा, पण घातली. म्हणाली, तुम्ही कमावलीय.

१८ सप्टेंबर
पितृपक्ष. आरत्या बंद, स्टेप्स ९००. सुनंदा विचारायला लागली, बरं नाही का? म्हणून ती भाजी आणायला गेली की हॉलमध्ये झांजा. शैलाबाईंनी खालून तक्रार केली. आता पंख्याखाली बसून नुसत्या टाळ्या. ६,०००. तळपायांना मुंग्या येतात. सगळं रक्त हातांकडे वळलं असणार.

८ ऑक्टोबर, बुधवार
रिपोर्ट ९.८.
लॅबचीच काहीतरी गडबड, असं सांगून मी सुनेत्राबाईंपुढे मोबाइल ठेवला. त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं. मग विचारलं, अकरा हजार स्टेप्स आणि नकाशात तुम्ही एकाच गल्लीत कसे? झांजांचं सांगावं लागलं. त्यांना आधी हसू आलं. मग त्यांनी गोळ्यांचं विचारलं, पायांचं विचारलं, तळव्याला दोरा लावून कळतंय का पाहिलं. मला दोरा कळला नाही. तेव्हा त्या हसत नव्हत्या.
सुनंदा शेजारीच होती. जिना उतरताना एवढंच म्हणाली, "साखर मीच घातली हो. तुमचे आकडे बघून."
फार लाज वाटली.
असो. झालं ते झालं. इन्सुलिनचं पेन आणलंय. सुई अगदी बारीक आहे, लहान पोरंसुद्धा स्वतः टोचून घेतात म्हणे. उद्यापासून मी स्वतःच घेणार. सुनंदाला माझ्यापायी आणखी त्रास नको.

९ ऑक्टोबर, सकाळी ८.१०
सुनंदाने टोचलं. यतीनने धरून ठेवलं होतं.